पाठकोरे कागद

७८६
महाड, १२ डिसेंबर २००२

मेहविश,

सलाम आणि खूप खूप दुवा.

तुझं पार्सल काल दुपारी मिळालं. आत निघालं ते असं. तुझ्या अब्बांसाठी हजला नेसायचं एहरामचं कापड, दोन जोड. रबरी चपला दोन जोड, त्यातल्या माझ्या एक नंबरानं मोठ्या. गुडघ्याला चोळायचं मलम एक. खजूर अर्धा किलो. चपलांवरची किमतीची चिठ्ठी काढायची राहिली आहे, एकशे दहा रुपये. पार्सलावर तिकिटं बेचाळीस रुपयांची. आणखी तेवढेच घातले असतेस तर पुण्याहून एसटीनं तू स्वतःच आली असतीस. खजूर कशाला पाठवलास ते कळलं नाही, आम्ही जातो आहोत ते खजुराच्याच मुलखात. तुझं पत्र असेल म्हणून चपलांच्या आतसुद्धा हात घालून पाहिला. नव्हतं.

आमचं जाणं नक्की झालं. १८ जानेवारीला इथून निघायचं, दोन दिवस मुंबईत हज हाउसला, मग विमान. तुझे अब्बा रोज सकाळी सावित्रीच्या पुलापर्यंत चालून येतात, तिथं फार चालावं लागतं म्हणून. मी घरातच अंगणातून मागल्या दारापर्यंत फेऱ्या घालते.

हजला जाण्याआधी काय करायचं असतं ते तुला माहीत आहे. लहानपणी तू तुझ्या आजीबरोबर दारोदार गेली होतीस, ती प्रत्येकाला म्हणायची, कहा-सुना माफ करा. मौलवीसाहेब म्हणतात, अल्लाहचा गुन्हा अल्लाह माफ करील, पण माणसाचा गुन्हा त्या माणसानंच माफ करायला हवा. तो बाकी ठेवून गेलात तर नुसता प्रवास होतो. मी यादी केली आहे. मोहल्ल्यातली बत्तीस घरं झाली. सव गावाला माझ्या मावशीकडे जाऊन आले. यादीत सगळ्यात वर एक नाव आहे, ते अजून तसंच आहे.

आता पेपरचं. रविवारच्या पुरवणीत तुझा आणि रूपालीचा फोटो आला तो इथं सगळ्यांनी पाहिला. शेजारची जुलेखाखाला पेपर घेऊन धावत आली. तुझ्या कंपनीत चौदा माणसं, त्यात नऊ मुली, आणि कोल्हापूरपासून वापीपर्यंतचे ट्रान्सपोर्टवाले तुमच्या प्रोग्रॅमवर मालाच्या पावत्या, बिल्ट्या काढतात, हे वाचून मी दोन रकात नमाज आभाराची पढले. मग पुढचं वाचलं. त्यांनी विचारलं, सगळ्यात कठीण दिवस कोणता. तू सांगितलंस, 'आमचा पहिला प्रोग्रॅम माझ्या वडिलांनी जाळला. मी आणि रूपालीनं तो आठवून आठवून पुन्हा लिहिला.'

तुझ्या अब्बांनी तो पेपर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात वाचला. घरी आले, हात धुतले, जेवले. पेपरची घडी करून कपाटावर ठेवली. बाजारात लोक त्यांना मुबारकबाद देतात आणि मग एकमेकांकडे बघतात.

हे छापायला नको होतं, मेहविश. का ते समोरासमोर बोलेन. १८ च्या आधी एकदा ये. सकाळी येऊन संध्याकाळी गेलीस तरी चालेल. मलम लावते आहे, बरं वाटतं.

तुझी
अम्मी


महाड, २४ डिसेंबर २००२

मेहविश,

पत्र मिळाल्यावर तू फोन केलास, बरं वाटलं. पण फोनवर मला सुचत नाही. तू म्हणालीस, 'जे झालं तेच सांगितलं, अम्मी. जाळले असं ते स्वतःच्या तोंडानं म्हणाले. तू तिथंच होतीस.' मी हो म्हणाले. तू म्हणालीस, काम आहे, आणि ठेवलास. मी नंतरही थोडा वेळ फोन कानाला लावून होते.

हो, मी तिथंच होते.

काल पोलादपूरहून रूपालीचे वडील आले होते. रावजी आता गाडी चालवत नाही, वाडीवरच असतो, पण तुझ्या अब्बांच्या गाडीवर वीस वर्षं काढलेला माणूस, हजची बातमी कळल्यावर राहवलं नाही. नाचणीचं पीठ आणि पावट्याच्या शेंगा घेऊन आला. ओसरीवर बसून म्हणतो, "महमूदशेट, तिथं माझ्या नावानं पण एक दुवा मागा. आमच्या देवाला मी सांगून ठेवतो, तो राग मानायचा नाय."

अब्बा म्हणाले, "काय मागू?"

"पोरी काय विकतात ते मला कळू दे, येवढंच मागा. पाच वरसं झाली. माल दिसत नाय, वजन नाय, गाडीत भरता येत नाय, आन लोक पैसे देतात. मी रूपालीला इचारलं, गो, हमाली तरी लागते काय याला? तर हसत सुटली."

अब्बासुद्धा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

मग रावजीनं तुमच्या सुरुवातीच्या गोष्टी सांगितल्या. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तुम्ही दोघी ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ऑफिसात जायच्यात आणि ते विचारायचे, साहेब कुठं आहेत? रूपाली म्हणायची, साहेब गाडी लावताहेत, तोवर आम्ही मशीन चालू करून ठेवतो. साहेब यायच्या आत तू प्रोग्रॅम दाखवून मोकळी व्हायचीस. एका मारवाड्यानं म्हणे तासाभरानं विचारलं, अहो, तुमच्या साहेबांना पार्किंग मिळालं की नाही? रावजी सांगताना पोट धरून हसत होता. मी चहा आणायला आत गेले. तू हे मला कधी सांगितलं नाहीस. मी विचारलंही नाही म्हणा. मी विचारायची ते जेवलीस का, आणि तुला मागणी घातलेल्या अर्शदचं पत्र आलंय कुवेतहून, काय कळवू.

रावजी म्हणाला, बाकीच्यांच्या प्रोग्रॅममध्ये हमाली एकच असायची. तुमच्यात चढवणी निराळी आणि उतरवणी निराळी, म्हणून गाडीवाल्यांना तुमचा पटला. "बसून नाय सुचत ते," म्हणाला, "कुणीतरी घरातून शिकवलेलं हाय."

जाताना चपला घालता घालता त्यानं अब्बांना विचारलं. "शेट, त्या पेपरात आलंय ते खरं काय? तुम्ही कागद जाळले?"

अब्बा म्हणाले, "आलंय ना छापून."

"छापून काय, कायपण येतं. पण या घरात कागद जळतो व्हय? भाभी जाळू देतील? अहो, इथं साखरेच्या पुडीचा कागद पण इस्त्री करून ठेवतात."

तो हसत निघून गेला. अब्बा माझ्याकडे न बघता आत गेले.

ते कागद मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. ९७ च्या मे महिन्यात तू घेऊन आली होतीस. एकाला एक जोडलेले, लांबच लांब, दोन्ही कडांना भोकं. एका बाजूला बारीक इंग्रजी अक्षरं, दुसरी बाजू दुधासारखी कोरी. प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या तू लोखंडी कपाटात ठेवल्यास आणि कागदांचा गठ्ठा माझ्या हातात दिलास. म्हणालीस, अम्मी, हे जपून ठेव.

पुढचं लिहिणार होते, पण डाळ लागल्याचा वास येतो आहे. पुन्हा लिहीन.

तुझी
अम्मी


महाड, ३० डिसेंबर २००२

मेहविश,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. हे पत्र मी बाजारातून मुद्दाम कोरा ताव आणून लिहिते आहे, दोन्ही बाजूंनी कोरा.

डाळ लागली नव्हती.

तुझे कागद तुझ्या अब्बांनी जाळले नाहीत. त्यांचं मी काय केलं ते आता सांगते. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

दर वर्षी पावसाच्या तोंडाशी मी वह्या शिवते, तू पाहिलं आहेस. जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका, शाळेच्या पेपरांचे पाठकोरे कागद. त्या वर्षी माझ्याकडे कागद कमी होता आणि कपाटात तुझा गठ्ठा होता. दोनशे बारा कागद, मी मोजले. एक बाजू भरलेली, म्हणजे काम झालेलं असणार असं मला वाटलं. तू कॉलेजात असतानाही असे कागद आणायचीस आणि म्हणायचीस, घे अम्मी, वापर. चांगल्या वस्तूचा अर्धा भाग वाया घालवणं हा इसराफ आहे, तो अल्लाहला आवडत नाही. जपून ठेव म्हणजे वापरू नको, हे माझ्या डोक्यात आलं नाही. या घरात जपून ठेवणं म्हणजे वापरून ठेवणंच असतं.

भोकांच्या पट्ट्या काढल्या. कागद मधोमध दुमडला की सुरेख उभी वही होते, चोपडीसारखी. तीस तीस कागदांच्या सात वह्या झाल्या. दोन कागद उरले ते फळीवर अंथरले. गोणपाटाच्या सुतळीनं पक्क्या शिवल्या. मला वाटलं, आता चार-पाच वर्षांची चिंता मिटली. गाड्यांचं डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता, चढवणी, उतरवणी, दूध, मशिदीची वर्गणी, सगळं त्यात लिहायला लागले. एक पान आड लिहायची, तुझ्या अक्षरांवर शाईचा थेंब पडू दिला नाही.

ऑगस्टात तू आलीस. कुठल्या गाडीनं ते आठवत नाही, पण भिजली होतीस. पुण्याच्या कॉम्प्युटरची डिस्क गेली होती. तू आधी कपाट उघडलंस. फ्लॉप्या बाहेर काढल्यास. आपल्याकडच्या दमट हवेनं त्यांना बुरशी आली होती, लोणच्याला येते तशी पांढरी. तू ओढणीनं पुसत बसलीस. मग म्हणालीस, ठीक आहे, कागद आहेत ना, कागदांवरून पुन्हा टाइप करू. दहा दिवसांत पुण्याच्या एका कंपनीला दाखवायचंय. अम्मी, कागद कुठं आहेत?

मी चुलीपाशी भाकरी थापत होते. बाजूला पाटावर वही होती, दुसरी. दुधाचा हिशोब लिहून नुकतीच ठेवलेली. मी पदर सरकवला आणि तिच्यावर टाकला.

तेवढ्यात अब्बा आले. अर्शदला नकार कळवल्यापासून ते तुझ्याशी बोलत नव्हते. तू त्यांना विचारलंस, माझे कागद कुठं आहेत? त्यांनी एकदा तुझ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, जाळले.

तू ओली ओढणी तशीच गुंडाळलीस आणि न जेवता निघून गेलीस. भाकरी तव्यावरच होती.

मला वाटलं, ते रागात बोलले. मला वाटलं, त्यांना माहीतच नाही. वही माझी, ते कधी हातात घेत नसत, मी वाचून दाखवायची आणि ते ऐकायचे. त्यांच्या रागाआड मी लपले आणि पाच वर्षं लपून राहिले.

आता जे लिहिते ते मी नमाजेतही नीट म्हटलेलं नाही. सातातल्या पाच वह्या तेव्हा कोऱ्या होत्या. कागद फाटलेले नव्हते, कापलेले नव्हते. सुतळी उसवून तुझ्या हातात दिले असते तर तुझं काम झालं असतं. तू एसटी स्टँडवर दोन तास बसली होतीस, रावजीनं पाहिलं होतं. मी दहा मिनिटांत तिथं पोचले असते. गेले नाही. वाटलं, हे गेलं म्हणजे पुण्याचं सगळं मिटेल. पोरगी घरी येईल. अर्शदकडे अजून एकदा शब्द टाकता येईल. तुझं नुकसान व्हावं असं नाही वाटलं, मेहविश. तू दारात उभी असावीस, एवढंच वाटलं.

तू आली नाहीस. पुढच्या चौदा महिन्यांत तुम्ही ते सगळं आठवून लिहिलंत. ती पुण्याची कंपनी हातची गेली. रूपाली दिवसा कारखान्यात नोकरी करायची, तू पोरांच्या शिकवण्या घ्यायचीस, तुला चष्मा लागला. हे मला रावजीकडून कळायचं. आणि मी रोज त्या वह्यांमध्ये लिहीत होते. एकामागून एक कोरी वही मी भरून काढली. थांबता आलं नाही, थांबले असते तर का थांबलीस असं मला मीच विचारलं असतं.

तुझी मी गुन्हेगार आहे. माफ कर असं लिहायला हात होत नाही, पण न लिहिता मी जाऊ शकत नाही.

तुझी
अम्मी


महाड, ५ जानेवारी २००३

मेहविश,

रोज अकरा वाजता पोस्टमन येतो. काल अब्बांच्या नावानं बँकेचं पाकीट आलं. आज काही नव्हतं.

परवा मी माळ्यावरून वह्या काढल्या. पुराचं पाणी बाजारपेठेत शिरतं म्हणून मी हिशोबाच्या सगळ्या वह्या वरच ठेवते. सहा मिळाल्या. तिसरी मिळेना. सगळा माळा उलथापालथा केला. मग वाटलं, निदान या सहा तरी उसवून, आकड्यांप्रमाणे लावून तुला द्याव्यात. कात्री घेऊन पहिलीची सुतळी कापायला बसले.

अब्बा मागून कधी आले कळलं नाही. म्हणाले, "उसवू नकोस."

मी कात्री खाली ठेवली. माझ्या हातातल्या वहीतली तुझी इंग्रजी अक्षरं त्यांच्यासमोर उघडी होती. मी म्हणाले, "हे मेहविशचे कागद आहेत. मी..."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासून. भाकरी थापताना तुझा हात कधी थांबत नाही. तेव्हा थांबला. मग पदर टाकलास." ते खुर्ची ओढून बसले. "माझ्यावर ती आधीच चिडलेली होती. तुझ्यावरही चिडली असती तर या घरात फोन करायला कोण उरलं असतं?"

मी विचारलं, मग तेव्हाच वही घेऊन तिच्यामागे का नाही गेलात? ते म्हणाले, "तू का नाही गेलीस?"

मी कात्री उचलून डब्यात ठेवली.

मग ते ऑफिसात गेले. परत आले ते हातात कापडात बांधलेलं काहीतरी घेऊन. तिसरी वही. कोरी. मी तिच्यात एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं, दुसरी संपल्यावर थेट चौथीच हाती लागली होती. तू गेलीस त्याच संध्याकाळी त्यांनी ती काढून ऑफिसच्या कपाटात, गाड्यांच्या कागदपत्रांत ठेवली होती. दर पावसाळा सरला की उन्हाला देत होते. म्हणाले, "एक तरी कोरी राहू दे म्हटलं. कधी मागायला आली तर."

पेपरात छापून आल्यावरही हा माणूस काही बोलला नाही. मी म्हटलं, आता पेपरवाल्यांना खरं कळवू. ते म्हणाले, हाजी होऊन आलो की लोक विसरतील. लोक विसरतील, पण तू विसरणार नाहीस हे त्यांनाही माहीत आहे. एहरामचं कापड तू पाठवलंस ते त्यांनी तीन वेळा उलगडून पाहिलं. मला म्हणाले, कापड चांगलं निवडलंय, हात आहे तिला.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून दुसरी वही चाळली. ते चष्मा लावून माझे हिशोब वाचत होते. १४ ऑगस्ट ९७ चं पान निघालं. दूध एक लिटर. डिझेल. त्याखाली मी लिहिलं होतं, 'मेहविश आली. भाकरी दोन उरल्या.' त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि पान उलटलं.

मी तुझी बाजू बघत होते. त्यातलं मला काय कळणार. पण मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी आहे, अक्षर अक्षर लावून वाचता येतं. चौतिसाव्या पानावर एका ओळीच्या आधी चांदणीची खूण होती आणि पुढे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. मी बोटानं जुळवत वाचलं. 'अम्मीच्या वहीप्रमाणे.' खाली चढवणी आणि उतरवणी निरनिराळी घातलेली होती, मी घालते तशी.

पुन्हा वाचलं. अब्बांनाही वाचायला दिलं. ते म्हणाले, बरोबर आहे, असंच आहे.

तू शाळेत असताना माझ्या शेजारी बसून आकडे सांगायचीस आणि मी लिहायची. मला वाटायचं, पोरीला दुसरं काही करायला नाही म्हणून बसते.

उत्तराची वाट पाहते आहे. बारा-तेरा दिवस राहिले.

तुझी
अम्मी


महाड, ११ जानेवारी २००३

मेहविश,

हे पत्र वह्यांच्या वर ठेवते आहे, म्हणजे पार्सल उघडलंस की आधी हेच हाती लागेल.

काल रूपालीचा फोन आला. हजसाठी शुभेच्छा द्यायला केला होता. मी तुझं विचारलं तेव्हा अडखळली. म्हणाली, "काकी, तुमची नंतरची पत्रं तिनं उघडलेली नाहीत. टेबलाच्या खणात ठेवलीत, एकावर एक. पहिल्या पत्रानंतर दोन दिवस ती कुणाशी बोलली नव्हती. आम्ही इथं नवीन ऑर्डरच्या गडबडीत, मला वाटतं ती म्हणत असेल, सुट्टीत वाचू." मग म्हणाली, "काकी, ती रोज सगळ्यांत शेवटी घरी जाते. डबा आणते आणि तसाच परत नेते. आम्ही सगळ्याजणी एकत्र जेवतो, ती केबिनमध्ये असते. मी भांडते, पण ती ऐकते कुणाचं?"

मी तिला काहीच सांगितलं नाही. ते आधी तुला कळायला हवं. म्हणजे तीस तारखेचं आणि पाच तारखेचं, दोन्ही पत्रं तू वाचलेली नाहीस. चोवीस तारखेचंही नाही. मी इथं रोज अकरा वाजता दारात उभी राहत होते आणि तुला काहीच माहीत नव्हतं. हे कळल्यावर आधी रडू आलं आणि मग थोडं बरं वाटलं. वाचून गप्प बसलीस असं मी समजत होते.

खणातली पत्रं तारखेप्रमाणे लाव आणि वाच. थोडक्यात इथंही सांगते, पुन्हा आडून नको. अब्बांनी काही जाळलं नव्हतं. तुझे कागद मी वह्या करून वापरले, आणि तू विचारलंस तेव्हा पदराखाली लपवले.

गुरुवारी घरी बायका जमल्या होत्या, निरोप द्यायला. जुलेखाखाला म्हणाली, "बापानं कागद जाळले म्हणून तर पोरगी एवढी झाली, नाहीतर कुवेतला भांडी घासत बसली असती." सगळ्या हसल्या. मी म्हणाले, "जाळले नाहीत. मी शिवले." मी सगळं सांगितलं, तिथंच, वीस बायकांसमोर. ऐकून झाल्यावर जुलेखाखाला म्हणाली, "बस्स? कागदच ना? मला वाटलं काय केलंस." आणि सगळ्या पुन्हा चहा प्यायला लागल्या. कुणी म्हणालं, अगं आम्हीसुद्धा शेंगदाणे बांधले असते त्यात. मी एकटीच उभी होते हातात ट्रे घेऊन. मनात म्हटलं, याचं वजन किती ते या मोहल्ल्यात कुणाला सांगून कळायचं नाही. ते दोघींनाच माहीत, आणि त्यातली एक पुण्याला आहे.

पण आता महाडात तरी कळलं आहे. अब्बा काल बाजारातून आले तेव्हा म्हणाले, "आज कुणी एकमेकांकडे बघितलं नाही." आणि मग मला ओरडले, कशाला सांगितलंस म्हणून.

या पार्सलात आहे ते असं. वह्या सात. पैकी सहा माझ्या हिशोबानं भरलेल्या, एक कोरी. फळीवर अंथरलेले दोन कागद, हळदीचे डाग पडलेले आहेत, अक्षर वाचता येतं. म्हणजे दोनशे बारा पूर्ण. तुझ्या कंपनीत आता याचा काही उपयोग नसेल, रूपाली म्हणाली की तो जुना प्रोग्रॅम आता चालतही नाही. तरी तुझी वस्तू तुझ्याकडे. अब्बा म्हणाले, उसवून नको, तशीच दे. खजूर अर्धा किलोतला निम्मा परत ठेवला आहे, डब्यात जेवण राहिलं तरी हा खाल्ला जाईल.

तुला वाटलं तर माझी बाजूही वाच. नुसतं डिझेल आणि दूध आहे. पण तू नव्हतीस ती सगळी वर्षं त्यात आहेत, दिवसावारी.

पार्सल रजिस्टर केलं आहे, पोचपावतीसह. ती पिवळी पावती परत येईल. पण तिच्यावर सही तुझ्या ऑफिसातलं कुणीही करतं, मागच्या वर्षी ईदच्या पार्सलावर कुण्या शिंद्यांची सही आली होती. त्या सहीवर मी अरफातच्या मैदानात अल्लाहची माफी मागायला काय उभी राहू?

यायचं जमणार नाही हे मला कळतं. काम आहे, माणसं तुझ्यावर अवलंबून आहेत. मी बोलावत नाही. एवढंच कर. तिसऱ्या वहीतलं एक पान काढ, कुठलंही. तुझ्या अक्षरांची बाजू तुझ्याकडे बघत असते ती उलटी कर आणि मागच्या कोऱ्या बाजूला दोन ओळी लिही. माफ केलं असेल तर तसं. नसेल केलं तर तसं, मी तेही बरोबर घेऊन जाईन आणि तिथं मागेन. अब्बांसाठी एक ओळ निराळी लिही, माझ्यात घालू नकोस.

आम्ही शनिवारी सकाळी आठच्या गाडीनं निघतो. शुक्रवारचं टपाल अकराला येतं. उलट टपाली कळव.

तुझी
अम्मी